दादाचे दप्तर

परतवाडा

चि. सौ. कुसुम हीस,

तुझे पत्र पोचले. परंतु अकोल्याच्या घरविक्रीचा तपशील वाचून होण्यापूर्वीच ‘माळ्यावरची दादाची पत्रे रद्दीत घालू का’ ही एक ओळ दृष्टीस पडली, आणि पुढचे काही डोक्यात शिरेना. खुद्द दादाने व्हँकुव्हरहून लिहिलेली ती निळी हवाईपत्रे, आणि तू त्यांचा हिशेब किलोवर मांडतेस! आई ती उशाशी का ठेवी, हे तुला मी सांगावे काय?

देशांतर केलेल्या माणसाची सरकारदप्तरी उरते ती केवळ पारपत्राची नोंद. त्याची खरी कैफियत घरच्या संदुकीखेरीज कोठेही नसते, असे माझे ठाम मत आहे. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजेच पाहा. गदर चळवळीपायी इंग्रजांच्या लेखी गुन्हेगार ठरलेला हा पुरुष 1924 मध्ये मेक्सिको गाठतो, चापिंगोच्या कृषिविद्यालयात प्राध्यापक होऊन मक्याच्या वाणांवर संशोधन करतो, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढतो, आणि दिएगो रिव्हेरासारखा चित्रकार त्यास तेथील शिक्षणखात्याच्या भिंतीवर भाकरीच्या पंक्तीत बसवतो. परक्यांनी भिंत दिली; आपण काय दिले? 1955 मध्ये ते नागपुरास परतले, 1967 मध्ये तेथेच निवर्तले, आणि आमच्या संत्राबाजारात आज हे नाव घेतले तर लोक ‘कोण हो हे?’ म्हणून विचारतात.

आपला दादा काही क्रांतिकारक नव्हे. इथल्या सागवानाच्या डेपोंत हुंदडलेला पोरगा, तो व्हँकुव्हरलाही लाकडाच्याच गिरणीत हिशेब लिहीत बसला. पण प्रत्येक पत्रात बिच्छन नदीला पूर आला का, संत्र्याला ताण किती दिला, मृग बहार धरला की आंबिया, हे विचारल्यावाचून त्याची सही होत नसे. (शकुंतला आगगाडी वेळेवर सुटते का, हेही विचारी; ती मात्र थट्टा असावी.) बापूंच्या आजारपणातले ते लांबलचक पत्र तू वाचले आहेस ना? की तेही न वाचताच गठ्ठ्यात बांधलेस?

शिवाय तो माळा ओलीचा, वाळवी केव्हा लागेल नेम नाही. तुझ्या गुडघ्यांची अवस्था ठाऊक असल्यामुळे अधिकच घोर लागला आहे. शिडीवर तू मुळीच चढू नकोस. रविवारी पहिल्या एस.टी.ने मीच येतो. तोवर रद्दीवाल्यास दारात उभे करू नकोस.

तुझा,
भाऊ