पायांचा ताळेबंद

दर सोमवारी सकाळी मी आमच्या इमारतीचा जिना उलटा उतरतो. उलटा म्हणजे डोकं खाली आणि पाय वर असा नव्हे. तेवढी प्रगती अजून नाही. तोंड आमच्या तिसऱ्या मजल्याकडे, पाठ नेरूळ स्टेशनकडे, दोन्ही हात कठड्याला आणि एकेक पायरी मागे चाचपत, असा. पहिल्या सोमवारी तळमजल्यावरच्या काकूंना वाटलं, मी घरात भांडून निघालोय आणि कोणी परत बोलावतंय का ते बघतोय. दुसऱ्या सोमवारी त्यांनी हिला विचारलं, "कसलं व्रत धरलंय का हो यांनी?"

"हो," ही म्हणाली. "उद्यापन कधी ते मात्र विचारू नका."

व्रताचं नाव धावणं. बेचाळिसाव्या वर्षी रक्तातल्या साखरेचा रिपोर्ट आला आणि डॉक्टर म्हणाले, "थोडं पळत जा." बी.कॉम. झाल्यापासून मी बँकेतल्या एका खुर्चीवर बसून दुसऱ्यांचे पैसे मोजतोय. पळण्याचा अनुभव काय तो आठ बेचाळीसच्या लोकलमागचा. पण रविवारी पहाटे पाम बीच रोडवर एक गट पळतो, त्यात नाव घातलं. वाशीपासून बेलापूरपर्यंत दहाएक किलोमीटरचा रस्ता, एका बाजूला खाडी, आणि थंडीच्या दिवसांत खाडीच्या चिखलात फ्लेमिंगोंचे थवे. हे पक्षी तासन्‌तास एका पायावर उभे राहतात आणि दुसऱ्याला सुट्टी देतात. मला दोन्ही पायांवर उभं राहता आलं की मी बेलापूर आलं असं समजतो.

आता तुम्ही म्हणाल, पाय दुखतात तर जिना चढतानाही दुखायला हवेत. तिथेच तर गंमत आहे. चढताना मांडीचा स्नायू आखडून काम करतो. उतरताना मात्र तो लांबत असतानाच ब्रेक लावत असतो, आणि स्नायूच्या धाग्यांना बारीक इजा होते ती मुख्यतः या ब्रेक लावण्यात. धावताना प्रत्येक पाऊल टेकलं की हाच ब्रेक लागतो. त्याचं दुखणंही सरकारी कामासारखं, लगेच येत नाही. रविवारच्या खरेदीचं बिल सोमवारी येतं, मंगळवारी त्यावर व्याज चढतं, आणि शुक्रवारपर्यंत खातं आपोआप बंद होतं.

आमच्या गटाचे कॅप्टन मात्र ठामपणे म्हणाले, "लॅक्टिक ॲसिड साचलंय." या ॲसिडावर जेवढे खोटे आळ आलेत तेवढे आमच्या शाखेतल्या शिपायावरही आले नसतील. पळणं थांबलं की तासा-दीड तासात ते बिचारं जवळजवळ पूर्वपदावर येतं. पगाराच्या दिवशी आमच्या खातेदारांची शिल्लक येते तसंच. मग मंगळवारच्या दुखण्याला ते जबाबदार कसं? हे दुखणं थकव्याचं नाही, स्नायूत बारीक फाटाफूट झाल्याचं आहे, असं थिओडोर हफ नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९०२ सालीच मांडलं होतं. कॅप्टनपर्यंत ते परिपत्रक अजून पोचलेलं नाही.

गटात प्रत्येकाकडे एक हुकमी उपाय होता आणि प्रत्येकजण तो मला फुकट सांगत होता. उपाय फुकट नव्हते.

त्यातल्या त्यात स्वस्त म्हणजे स्ट्रेचिंग. पळून झालं की दुभाजकावर टाच टेकवून सगळे वाकायचे. आता कॉक्रेन नावाची एक संस्था आहे. जगभरच्या औषधोपचारांचे प्रयोग गोळा करून त्यांची बेरीज मांडायची हे तिचं काम. वैद्यकातले ऑडिटर म्हणा ना. २०११ साली त्यांनी स्ट्रेचिंगचे बारा प्रयोग तपासले. व्यायामानंतर ताण दिला तर दुसऱ्या दिवशीचं दुखणं किती कमी होतं? शंभरात सरासरी एका गुणाने. आमच्या चिरंजीवांना गणितात एवढी वाढ मिळाली तर मी पेढे वाटत नाही.

मग रोलर आणला. हा रबरी ओंडका जमिनीवर ठेवायचा, त्यावर आपण मांडी टेकवून मागेपुढे सरकायचं. त्याने थोडं बरं वाटतं, नाही असं नाही. पण पोळी लाटणं वरून का खालून, एवढाच काय तो फरक. रात्री दहा वाजता आमच्या घरातून येणारे आवाज ऐकून दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले आणि माझी तब्येत विचारून गेले. हिची विचारली नाही, याचं हिला अजून वाईट वाटतं.

त्यानंतर घट्ट मोजे. पोटऱ्या आवळून धरणारे हे मोजे चढवायला दोन माणसं लागतात आणि उतरवायला तीन. दुखणं थोडं कमी जाणवतं, असं प्रयोगांत दिसलंय. पण बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले तेव्हा असले मोजे कोणी विकत नव्हतं. त्या वर्षीचं अंतर नेहमीपेक्षा जास्त, ४२.७५० किलोमीटर होतं. चौगुल्यांनी ते २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत कापलं आणि एकोणिसावा क्रमांक घेतला. तेवढ्या वेळात मी त्याच्या निम्मं अंतर जातो, आणि त्यात मोजे चढवायचा वेळ धरलेला नाही.

शेवटी बर्फ. कॅप्टनांचा हुकूम, "दहा ते पंधरा अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं बसायचं." नेरूळच्या नळाला अठ्ठावीस अंशांचं पाणी. मी कॉमर्सचा माणूस, हिशोब मांडला: शंभर लिटर पाणी तेरा अंशांवर आणायला सोळाएक किलो बर्फ हवा. एवढा बर्फ घाऊक कुठे मिळणार? मासळीवाल्यांकडे. निळं पिंप न्हाणीघरात ठेवलं, त्यात बर्फ टाकला आणि मी उतरलो. पुढची दहा मिनिटं मला आठवत नाहीत. सोमवारी पाय किंचित कमी दुखले हे खरं, पण कॅश काउंटरसमोरच्या रांगेतलं एक मांजर दिवसभर हललं नाही.

बर्फाचा उपयोग होतो का? नुसतं बसून राहण्यापेक्षा दुखणं कमी वाटतं, असं ऑडिटरांनी २०१२ साली सांगितलं. पण थंड पाण्यात बसलेल्या माणसाला आपण थंड पाण्यात बसलोय हे कळतंच, तेव्हा मनाचा भाग किती आणि पाण्याचा किती? २०१४ साली मेलबर्नच्या संशोधकांनी तीस तरुणांना सायकलवर दमवलं आणि त्यांचे तीन गट केले. एक गट थंड पाण्यात, दुसरा कोमट पाण्यात, आणि तिसराही कोमट पाण्यात, पण त्यांच्यासमोर त्यात थकवा घालवणारं खास तेल ओतून. पुढच्या दोन दिवसांत या तेलवाल्यांचे पाय थंड पाण्यात बसलेल्यांइतकेच सावरले. तेल म्हणजे काय होतं? तोंड धुवायचा पातळ साबण!

हे मी हिला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. फक्त भांड्यांचा साबण उचलून न्हाणीघरात ठेवून आली.

बर्फाचा हा सोस सुरू कुठून झाला? गेब मिर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७८ साली आपल्या पुस्तकात मंत्र दिला: दुखापत झाली की विश्रांती घ्या, बर्फ लावा, आवळून बांधा, उंच धरा. जगभर तो पाठ झाला. २०१४ साली त्यांनीच सांगितलं, की बर्फाने भरून येणं उलट लांबत असावं. छत्तीस वर्षांनी परिपत्रक मागे! तोवर आमच्यासारख्या शाखांतून अंमलबजावणी जोरात.

राहता राहिलं मालिश. या विषयातले आमच्या घरातले जाणकार म्हणजे आबा, माझे वडील. आबा माथाडी. साताऱ्याकडून विशीत आले, आधी मशीद बंदरला आणि १९८१ साली कांदा-बटाट्याचा बाजार वाशीला आला तेव्हा त्याच्याबरोबर इकडे. चाळीस वर्षं पाठीवर पोती. त्यातूनच माझी फी भरली गेली आणि मी सावलीतल्या खुर्चीवर बसलो. रविवारी दुपारी आबा तेलाची वाटी घेऊन माझ्या पोटऱ्या रगडायचे. २०१८ साली फ्रान्सच्या संशोधकांनी नव्व्याण्णव प्रयोगांची बेरीज केली, त्यात दुखणं आणि थकवा कमी करण्यात मालिश पहिलं आलं. आबांना हे सांगितलं तर म्हणाले, "नव्व्याण्णव कशाला लागतात?"

मी विचारलं, "आबा, तुमचे पाय दुखायचे नाहीत?"

"पैले आठ दिस अंग मोडून निघालं. मग सवय झाली."

ही सवयही शास्त्राला मान्य आहे. तेच काम पुन्हा केलं की स्नायू कमी दुखावतात, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. म्हणजे पळून दुखणाऱ्या पायांवर खरा उपाय हळूहळू पळत राहणं. पण तो दुकानात मिळत नाही, म्हणून त्यावर कोणाचा विश्वास नाही.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. मी जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या अर्ध्या शर्यतीत, २१.०९७ किलोमीटरच्या, नाव घातलं होतं. डिसेंबरात उजव्या नडगीवर, घोट्याच्या चार बोटं वर, एक जागा दुखायला लागली. सोमवारी आलेलं दुखणं शुक्रवारी गेलं नाही. मी बर्फ लावला. बरं वाटलं, पळालो. मोजे चढवले, पळालो. मग पळण्याआधी वेदनाशामक गोळी घ्यायला लागलो. या गोळ्यांचा हिशोब मला ठाऊक होता. कॅलिफोर्नियातल्या शंभर मैलांच्या शर्यतीवरचा अभ्यास २००६ साली छापून आला: गोळ्या घेऊन धावलेल्यांचं दुखणं काही कमी नव्हतं, रक्तातल्या दाहाच्या खुणा मात्र जास्त होत्या. अंगातलं पाणी कमी झालं असताना या गोळ्या मूत्रपिंडालाही त्रास देतात. हे सगळं वाचूनही मी घेत होतो. सूचना वाचून सही करायची आणि पाळायची नाही, ही तर आमच्या धंद्यातली सवय.

एका रविवारी आबांनी पोटरी सोडून नडगीवर अंगठा दाबला. माझी किंकाळी तळमजल्याच्या काकूंनी ऐकली. आबांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली.

"हे अंग दुखणं न्हाय. अंग दुखतं ते पसरून दुखतं. हे एका बोटाखाली दुखतंय. हाड हाय."

"पण आबा, शर्यत तीन आठवड्यांवर आलीय. बर्फ लावला की थांबतं."

"थांबत न्हाय. गप बसतं." मग थोड्या वेळाने म्हणाले, "आम्ही दुखलं तरी जायचो. न्हाय गेलं तर त्या दिसाचा पैका जायचा. तुझं काय जातंय?"

"मेडल जातंय."

"किती तोळ्याचं असतं?"

याचं उत्तर मला देता आलं नाही.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. एमआरआयमध्ये हाडाला गेलेला केसासारखा तडा दिसला. सहा आठवडे पळणं बंद. "आणखी पळला असतात तर सरळ मोडलं असतं," ते म्हणाले आणि विचारलं, "झोपता किती?" मी म्हटलं, साडेअकरा ते चार. पळायला पहाटे उठावं लागतं ना! डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की रोलर, मोजे आणि पिंप या खरेद्या एकदम आठवल्या. दिवसभराची झीज भरून निघते ती मुख्यतः झोपेत आणि पोटभर जेवणात. तेवढी एकच गोष्ट मी कापत आलो होतो, कारण तिला पैसे पडत नव्हते.

मार्चअखेरीला काही ठिकाणी ताळेबंद सजवतात. एकतीस तारखेला ठेवी फुगलेल्या दिसतात, दोन एप्रिलला पुन्हा होत्या तिथे. आम्ही त्याला विंडो ड्रेसिंग म्हणतो आणि तपासनीस आले की घाम पुसतो. मी माझ्या नडगीचं विंडो ड्रेसिंग करत होतो. साधं अंगदुखणं चार दिवसांत आपलं आपण जातं. ते सजवलं तरी बिघडत नाही. पण जे जात नाही, ते सजवलं की बुडीत कर्ज लपतं एवढंच.

शर्यतीच्या रविवारी मी आठ तास झोपलो. उठून बघतो तर आबा खाली दूध आणायला निघाले होते. दारातून पाहिलं आणि पहिल्यांदाच नीट पाहिलं. आबा जिना उलटा उतरत होते. तोंड आमच्या दाराकडे, दोन्ही हात कठड्याला, एकेक पायरी मागे चाचपत. हौशी धावणाऱ्यांचे गुडघे न धावणाऱ्यांपेक्षा जास्त झिजलेले आढळत नाहीत. वर्षानुवर्षं ओझी वाहणाऱ्यांचे आढळतात. माझा सोमवार शुक्रवारी संपायचा. आबांचा सोमवार कित्येक वर्षं चालू होता, आणि घरात बर्फ, रोलर, मोजे एवढं सगळं असून त्यातलं त्यांच्यासाठी काहीच आणलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी त्यांना माझ्याच डॉक्टरांकडे नेलं. गुडघ्यांसाठी व्यायाम मिळाले, आणि पोटरीवरच्या फुगलेल्या शिरांसाठी, गंमत बघा, घट्ट मोजे! माझे चालणार नव्हते. मापाचे वेगळे घ्यावे लागले. पिंपात आता पाणीकपातीचं पाणी असतं आणि रोलर हिने पलंगाच्या हलणाऱ्या पायाखाली घातलाय. तो आता हलत नाही. म्हणजे उपयोग झाला म्हणायचा.

रोज सकाळी मी जमिनीवर बसून आबांना मोजे चढवतो. सराव आहेच. मग आम्ही दोघं फिरायला उतरतो. आबा उलटे, आणि त्यांच्या खाली दोन पायऱ्या सोडून मी सुलटा.

परवा काकूंनी हिला विचारलंच, "यांचं उद्यापन झालं वाटतं?"

"झालं," ही म्हणाली. "आता सासऱ्यांनी धरलंय."