'उतरली' म्हणतोस, कुठं उतरली?

बोरगाव, गुरुवार

चि. राजा,

परवा पंगतीत तू सगळ्यांदेखत म्हणालास, "मामा, रात्रीची सकाळी उतरते. लिंबू पिळलं, थंड पाण्यानं आंघोळ केली की आपण मोकळे." लोक हसले. मीही हसलो, आणि त्याचाच राग रात्रभर येत राहिला. तोंडावर बोललो असतो तर आवाज चढला असता, म्हणून हे पत्र.

अरे, या 'उतरली' शब्दानंच घात केलाय! डोकं हलकं, पाय सरळ, की आपण म्हणतो उतरली. रक्ताला विचारतो कोण? दारूला पचावं लागत नाही. थोडी जठरातून, बरीचशी लहान आतड्यातून, तशीच रक्तात शिरते. पोटात भाकरी असली तर सावकाश, एवढंच. श्वास, घाम, लघवीवाटे जाते ती थोडीशी (पोलिसांचं फुंकायचं यंत्र त्या थोड्यावरच चालतं). बाकी सगळा भार यकृतावर. आणि यकृत म्हणजे तुमच्या कारखान्यांकडचा धर्मकाटा. ट्रकांची रांग कितीही लागो, एका वेळी एकच ट्रक. लिंबू, चहा, ताक, कशानंही काटा घाई करत नाही.

तुझाच हिशेब घे. "फक्त एक क्वार्टर." १८० मिली, लेबलवर ४२.८ टक्के, म्हणजे साठेक ग्रॅम निव्वळ अल्कोहोल. तुझं वजन ६० किलो (जेवत जा जरा). १०० मिली रक्तात साधारण १५० मिलिग्रॅम झाले. माणसागणिक फरक असतो, पण तासाला १५च्या आसपास कमी होतात. साडेदहाला बसलास, साडेपाचला किक मारलीस. उरले ४५. पिऊन गाडी चालवण्याच्या कलम १८५ ची हद्द ३०. पहिल्याच खेपेला १० हजार दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. घरच्या मोहाच्या बाटलीला तर लेबलच नसतं, तिचा हिशेब कोण मांडणार?

दंडाचं जाऊ दे. सौंसरहून फर्स्ट शिफ्टला निघतोस तेव्हा अंधार असतो, थंडीत धुकं, आणि नागपूरकडे सुटलेले ट्रक. बापूंचीही फर्स्ट शिफ्टच होती. तुझी आई त्यांचा डबा अजून घासून ठेवते... असो.

रात्री बसायचंच असेल तर चावी आईजवळ दे आणि सकाळी बसनं ये. बोरगावला उतरलास की फोन कर, मी घ्यायला येतो.

तुझा
मामा