सात टेकड्या आणि आईचे गुडघे

ट्रिप प्लॅन करणाऱ्यांच्या दोन जाती असतात. एक, तिकीट काढून मोकळे होणारे, 'तिथे गेल्यावर बघू' म्हणणारे. आणि दुसरे, एक्सेल शीट बनवणारे. मी पक्की दुसरीतली. तासागणिक रकाने, प्रत्येक रकान्याला वेगळा रंग आणि तळाला खर्चाची टोटल. ऑफिसातले लोक माझ्या शीट्स मागून नेतात, म्हणजे बघा! पण या खेपेला शहरच असं निवडलंय की शीटमध्ये आजवर कधी नसलेला एक रकाना घालावा लागला. 'चढ'.

शहराचं नाव लिस्बन. पोर्तुगालची राजधानी, टॅगस नदी जिथे समुद्राला मिळते तिथे वसलेली. वर्षाला साधारण 2800 तास लख्ख ऊन, त्यामुळे युरोप म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारं ते करडं आभाळ इथे फारसं नाही. आणि शहर वसलंय सात टेकड्यांवर. म्हणजे निदान लोक सात मोजतात. चालणाऱ्याला त्या सतरा वाटतात म्हणे.

आई सध्या दादाकडे म्युनिकला आहे. मे महिन्यात मीही दहा दिवसांसाठी जाणार आहे. त्यातले गुरुवार ते रविवार असे चार दिवस मायलेकींनी लिस्बनला जायचं ठरलंय. म्युनिकहून विमानाने तीनेक तास. शेंगेन व्हिसा एकच चालतो, मात्र अर्ज जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा, म्हणजे आमचा जर्मनीकडे. किमान 30 हजार युरोंचा मेडिकल इन्शुरन्स लागतो. हे सगळं एका शनिवारात उरकलं. खरा प्रश्न पुढेच होता.

आईचं वय 67. तिच्या गुडघ्यांचं वय त्याहून दहा वर्षांनी जास्त आहे, असं डॉक्टर म्हणतात. दिवाळीनंतर ऑपरेशन करायचं ठरलंय. 'त्याआधी एकदा फिरून घेते, नंतरचं कोणी पाहिलंय,' हे तिचं वाक्य. ती हसत म्हणाली, पण मी ते हसण्यावारी नाही नेलं.

लिस्बनचा नकाशा मोठा लबाड आहे. रॉसियो चौकातून साओ जॉर्ज किल्ला जेमतेम किलोमीटरभर. आपण म्हणतो, पंधरा मिनिटं! पण किल्ला नदीपासून सुमारे शंभर मीटर उंच टेकडीवर आहे आणि मधल्या गल्ल्या म्हणजे नुसत्या पायऱ्या. पुणेकरांनी पर्वती आठवावी. शिवाय फुटपाथ चुनखडीच्या छोट्या छोट्या दगडांचे. दिसायला रांगोळीसारखे, पण झिजून गुळगुळीत झालेले आणि पाऊस पडला की निसरडे. सुंदर सँडल्स घरीच ठेवायच्या, रबरी तळव्याचे बूट घ्यायचे.

प्रत्येक गाइडबुकात एक युक्ती असते : वर जाताना ट्राम घ्या, खाली चालत या. तुमच्या-माझ्यासाठी झकास. पण ज्याचे गुडघे दुखतात त्याला विचारा. चढ एक वेळ परवडतो, उतार जीव काढतो! आईच्या फिजिओथेरपिस्टनेही हेच बजावलंय. म्हणून आमचा नियम वेगळा. एका दिवशी एकच उंची. वर गेलो की दिवसभर वरच रमायचं, खाली असलो की खालीच.

हा नियम लावला आणि शीट आपोआप सुटसुटीत झाली.

गुरुवार सपाटीचा. 1 नोव्हेंबर 1755 ला इथे प्रचंड भूकंप झाला. वर आग, वर समुद्राच्या लाटा. खालचं शहर, म्हणजे बायशा, जवळपास पुसलं गेलं. मार्किस ऑफ पोम्बालच्या देखरेखीखाली ते नव्याने उभं राहिलं, सरळ रेषेतले रस्ते आणि काटकोनातले चौक घेऊन. अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या त्या टाउन प्लॅनिंगचा फायदा आता आईच्या गुडघ्यांना मिळणार आहे. हॉटेलही इथेच घेतलंय. टेकडीवरच्या जुन्या इमारतींत खोल्या स्वस्त मिळतात, पण बऱ्याच ठिकाणी लिफ्ट नसते. तीन रात्रींचे थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील.

शुक्रवार उंचीवरचा. फिगेरा चौकातून 737 नंबरची बस थेट किल्ल्यापाशी जाते. तटावर चढायचं मी एकटीने. आईने गच्चीवरच्या झाडाखाली बसून नदी बघायची आणि तिथे हिंडणारे मोर मोजायचे. मग जवळच्याच पोर्तास दो सोल आणि सांता लुझियाच्या कठड्यांवरून खालची लाल कौलं. परतीला ट्राम, तीही भल्या सकाळी किंवा उशिरा. 28 नंबरची ती पिवळी ट्राम फोटोत भारी दिसते, पण दुपारी तिच्यात विरार लोकलची आठवण येईल अशी गर्दी असते आणि पाकीटमारही. केबलवर चढणाऱ्या फ्युनिक्युलर गाड्या मात्र प्लॅनमध्ये धरलेल्या नाहीत. 3 सप्टेंबर 2025 ला ग्लोरियाच्या गाडीची केबल तुटून 16 जणांचा जीव गेला, त्यानंतर शहरातल्या बाकीच्या गाड्याही तपासणीसाठी थांबवल्या गेल्या. त्यांच्या भरवशावर दिवस आखायला मन धजत नाही.

शनिवारच्या रकान्यात मी बेलें लिहिलं होतं. नदीकाठचा सपाट भाग, जेरोनिमोसचा मठ, त्यात वास्को द गामाची समाधी, आणि 1837 पासून चालत आलेल्या दुकानातली गरमागरम पाश्तेल. फोनवर आईला वाचून दाखवलं. ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, 'कशियशला जाता येईल का गं?'

हे नाव माझ्या एकाही लिस्टमध्ये नव्हतं.

आई बांद्याची. गोव्याची हद्द हाकेच्या अंतरावर. ती अकरा वर्षांची असताना, जानेवारी 1969 मध्ये, आजोबांनी पेपरातली एक बातमी घरात मोठ्याने वाचली होती : मोहन रानडे सुटले. सांगलीचा हा माणूस शिक्षक म्हणून गोव्यात गेला आणि सशस्त्र लढ्यात उतरला. 1955 मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला. शिक्षा 26 वर्षांची. पुढे त्यांना पोर्तुगालला नेलं आणि लिस्बनजवळच्या कशियशच्या किल्ल्यात कोंडलं. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाला, तरी रानडे सात वर्षं तिथेच होते. त्यांच्या सुटकेसाठी इथे धडपडणाऱ्यांमध्ये सुधीर फडके होते, आपले गीतरामायणवाले बाबूजी. मला बाबूजी फक्त गाण्यांतून माहीत. आईला ते या बातमीतूनही माहीत आहेत.

'पण आई, तिथे अजूनही तुरुंग आहे. आत सोडत नाहीत,' मी म्हटलं.

'आत कोणाला जायचंय? बाहेरून बघू. ते स्टेशन तरी.'

नकाशा उघडला तर गंमत बघा. कैस दो सोद्रे स्टेशनवरून नदीकाठाने जी लोकल बेलेंला जाते, तीच पुढे कशियशला थांबते. चढ नाही, गाडी बदलणं नाही. म्हणजे वास्को द गामाची समाधी आणि मोहन रानड्यांचा तुरुंग एकाच रेल्वेलाइनवर! कुठल्याही टूर कंपनीच्या पॅकेजमध्ये ही जोडी मिळणार नाही. शनिवारी दोन्ही करायचं, आधी समाधी, मग तुरुंग. हा क्रम आईचा.

ती जोडी जमल्यावर शुक्रवारच्या उतारावरही एक थांबा वाढला. कॅथेड्रलशेजारचा आल्जुब. सालाझारच्या राजवटीत राजकीय कैद्यांना ठेवायचा तुरुंग, 2015 पासून संग्रहालय. आपल्यावर राज्य करणाऱ्यांच्या देशात त्यांची स्वतःची माणसंही त्याच राजवटीच्या तुरुंगात होती, हे मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं.

रविवार शियादोचा. बायशा-शियादो मेट्रो स्टेशनचं एक तोंड खालच्या गल्लीत आणि दुसरं वर टेकडीवर उघडतं. मधला सगळा चढ सरकते जिने चढतात. वर पोचलो की कार्मोचा चौक. भूकंपात छप्पर गेलेलं चर्च तसंच उघडं ठेवलंय. 25 एप्रिल 1974 ला हुकूमशाही कोसळली, ती याच चौकातल्या बराकीत. त्याच वर्षाच्या 31 डिसेंबरला पोर्तुगालने गोवा भारताचा असल्याचं करारावर सही करून मान्य केलं. तिथे बाकावर बसून कॉफी घ्यायची. दुपारचे रकाने मुद्दाम कोरे ठेवलेत.

मित्रमैत्रिणी शीट बघून म्हणतात, 'चार दिवसांत एवढंच?' सिंत्राचे राजवाडे नाहीत, नाइटलाइफ नाही, फ्रेममध्ये येणाऱ्या निम्म्या जागा नाहीत. नसू देत. डोंगराळ शहरात किती पाहिलं हे किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. बरोबरच्या माणसाला कुठे बसायचंय, ते आधी विचारावं लागतं. ते विचारलं नसतं, तर कशियश आमच्यासाठी खिडकीतून मागे पडणारं एक स्टेशन राहिलं असतं.

मला आता एकच काळजी उरलीय, भाषेची. पोर्तुगीजचं ॲप डाउनलोड करून रोज ट्रेनमध्ये घोकतेय. आई मात्र निवांत आहे. 'बटाट्याला ते बटाटाच म्हणतात, पावाला पांव आणि चावीला शाव. जेवणाची सोय झाली, खोलीची झाली. आणखी काय बोलायचंय तुला?'