ओट्यावरची झाडलोट

सकाळी दुकान उघडले की आधी ओटा झाडायचा, त्यावर पाणी शिंपडायचे आणि मगच गादीवर बसायचे, हा क्रम जुन्या पेढ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला. रात्रीतून ओट्यावर कोणी काय टाकले, याचा दोष दुकानदाराकडे जात नसे. पण गिऱ्हाईक पायरी चढेपर्यंत ते तेथेच पडून राहिले, तर दोष त्याचाच ठरे.

सांगलीतील एका साडीच्या दुकानाला आता दोन ओटे आहेत. एक रस्त्यावरचा, दुसरा सूनबाईंच्या मोबाईलमधला. या दुसऱ्या ओट्यावर नव्या साड्यांची छायाचित्रे लागतात आणि त्यांच्याखाली गिऱ्हाइकांचे प्रश्न येतात. त्यांच्या जोडीने न बोलावलेले प्रतिसादही येतात : घरबसल्या कमाई, झटपट कर्ज, स्वस्तात हजारो फॉलोअर्स. ‘कोण वाचते ते!’ असे म्हणून घरातल्या कोणी ते कधी पुसले नाहीत.

एका लग्नसराईत एक निवृत्त शिक्षिका दुकानात आल्या. छायाचित्रातील पैठणीची किंमत त्यांनी आदल्या रात्री विचारली होती. दुकानाकडून उत्तर गेले नाही. दुकानाचेच नाव आणि पाटीचे चित्र लावलेल्या भलत्याच खात्याने मात्र तत्काळ उत्तर दिले आणि सोबत फोन क्रमांकही दिला. ॲडव्हान्स म्हणून बाईंनी २,२०० रुपये पाठवले होते. त्या भांडल्या नाहीत. “तुमच्याच पाटीखाली वाचले, म्हणून विश्वास ठेवला,” एवढेच म्हणाल्या.

तो पैसा गल्ल्यात आलेला नाही, असे मुलगा समजावू लागला. सासऱ्यांनी त्याला थांबवले. आधी बाईंना १९३० या क्रमांकावर सायबर फसवणुकीची तक्रार नोंदवायला लावली. मग पैठणीच्या किमतीतून २,२०० रुपये वजा करायला सांगितले. मुनीमजींनी रक्कम धर्मादाय खाती लिहायला घेतली, तेव्हा ते म्हणाले, “हे दान नव्हे. दुरुस्ती खाती लिहा. कुलूप आपलेच मोडके होते.”

त्या दिवसापासून दुसऱ्या ओट्याचीही झाडलोट सुरू झाली. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर ठरावीक शब्द असलेले प्रतिसाद आपोआप झाकण्याची सोय आहे. सूनबाईंनी कर्ज, कमाई, फॉलोअर्स असे शब्द त्या यादीत घातले. उत्साहाच्या भरात ‘पैसे’ आणि ‘नंबर’ हेही घातले. तेव्हा खऱ्या गिऱ्हाइकांचे प्रश्नही झाकले जाऊ लागले. यादी सुधारली आणि झाकलेले प्रतिसाद रोज एकदा उघडून पाहण्याचा नेम ठरला. दुकानाचे नाव लावणाऱ्या तोतयाला नुसते पुसून भागत नाही. त्याची तक्रार करून त्याला ब्लॉक करावे लागते. दुकानाचा खरा क्रमांक आणि ‘आम्ही प्रतिसादातून ॲडव्हान्स मागत नाही’ हे वाक्य प्रत्येक छायाचित्राच्या मजकुरातच लिहिले जाऊ लागले.

सर्वांत मोठा उपाय मात्र जुनाच होता. गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवायचे नाही. अनुत्तरित प्रश्न म्हणजे रिकामी गादी. मालक तिच्यावर बसला नाही, तर तोतया बसतो. रात्री दुकान बंद करण्यापूर्वी प्रत्येक प्रश्नाला उत्तर देण्याचा शिरस्ता पडला.

एकदा ‘साडीचा रंग उतरला’ अशी तक्रार आली. मुलाने तीही कचऱ्यात टाकायला बोट उचलले. सासरे म्हणाले, “कचरा आणि कानउघाडणी यांत फरक असतो.” त्या तक्रारीला सर्वांदेखत उत्तर गेले आणि साडी बदलून दिली गेली.

हा कचरा व्यापाऱ्यांना परका नाही. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत संगणक विकणाऱ्या एका कंपनीच्या अधिकाऱ्याने ‘अर्पानेट’ या जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना न मागितलेली जाहिरात पाठवली. अशा संदेशांचा तो पहिला ठळक नमुना मानला जातो. म्हणजे झाडू हाती घेण्यापूर्वी स्वतःचा हातही पाहावा लागतो. याच दुकानाच्या मुलाने दिवाळीच्या सेलची जाहिरात इतरांच्या छायाचित्रांखाली चिकटवली होती. ती त्याने एकेक करून शोधली आणि स्वतःच पुसली. स्वतःचा ओटा झाडताना केर शेजाऱ्याच्या दारात लोटायचा नसतो, हे त्या घरात कुणाला नव्याने सांगावे लागले नाही.