वीण्याचा पहारा

आमच्याकडे पक्षाघात हा शब्द कुणी वापरत नाही. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. वाऱ्याचं काय, ते येतं आणि जातं. त्याला कोण अडवणार? या एका समजुतीने आमच्या घराचे आठ तास खाल्ले.

तेरच्या पंचक्रोशीतलं आमचं गाव. अखंड हरिनाम सप्ताहाचा पाचवा दिवस होता. वीणा खाली ठेवायची नाही, म्हणून दोन-दोन तासांचे पहारे आणि मंदिराच्या भिंतीवर नावांची यादी. पहाटे ४ ते ६ अण्णांचा पहारा. वीणा गळ्यात घेताना ते माझ्याशी नीट बोलले. काकडा सुरू झाला. साडेचारच्या सुमारास तार छेडणारं उजवं बोट थांबलं. मान कलली, तोंड एका बाजूला ओघळलं. कुणीतरी म्हणालं, “अण्णांचा भाव लागला.” गोरोबाकाकांच्या मुलखातली माणसं आम्ही. नामात रंगलेल्या काकांना पायाखालच्या चिखलात आलेलं आपलंच लेकरू दिसलं नाही, ही कथा लहानपणापासून ऐकलेली. देहभान हरपणं आम्हाला नवं नाही. मग अण्णा उजवीकडे झुकले. शेजारच्याने पुढे होऊन वीणा झेलली, आपल्या गळ्यात घातली, गजर तसाच चालू राहिला. वीणा जमिनीला टेकली नाही याचं सगळ्यांना बरं वाटलं. मलाही. अण्णांना धरलं ते त्यानंतर.

ते बोलू पाहत होते, पण शब्द होत नव्हते. जाणती माणसं जमली, कांदा हुंगवला. एकाच्या मेव्हण्याला म्हणे वाऱ्याचं औषध लागू पडलं होतं. जीप निघाली ती धाराशिवच्या उलट्या दिशेला. तिथल्या अंगणात आमच्या आधी चार जण बसलेले. तेल झालं, कबुतराचं रक्त चोळून झालं. सोलापूरला पोचलो तेव्हा एक वाजला होता.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “नेमकं कधी झालं?” बहुतेक नातेवाइकांना हे सांगताच येत नाही, असं ते नंतर म्हणाले. मी लगेच सांगितलं. पहाऱ्याची यादीच होती ना! ते जरा गप्प झाले. मग समजावलं : मेंदूतली रक्तवाहिनी एक तर गुठळीने बंद पडते, नाही तर फुटते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. म्हणून रक्त पातळ करणारी गोळी घरच्या घरी देणंही धोक्याचं. गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, जितकं लवकर तितकं बरं. अण्णांना गुठळीच होती. ते साडेचार तास नऊ वाजता संपले. नऊ वाजता मी त्या अंगणात पाळीची वाट पाहत बसलो होतो.

त्या पहाटे सरळ निघालो असतो तरी इंजेक्शन मिळालंच असतं का, हे छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. त्या वेळेला स्कॅन चालू हवं, ते वाचणारं कुणी हवं, औषध शिल्लक हवं. मेंदूचे तज्ज्ञ डॉक्टर मोठ्या शहरांतच असतात. पण हिमाचल प्रदेशात डोंगरातल्या जिल्हा रुग्णालयांत तज्ज्ञांना फोनवर विचारून तिथलेच डॉक्टर हे इंजेक्शन देऊ लागले, असं वाचलं. डोंगरात जमलं, ते बालाघाटाच्या माथ्यावर का जमू नये? धाराशिवला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. मागायचंच असेल तर आपण हे मागावं, निवेदनावर गावच्या सह्या घ्याव्यात. सभामंडपाच्या फरशीसाठी आपण आमदारांकडे किती खेपा घालतो!

गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांतले मृत्यू २ वर्षं मोजले, तेव्हा सातातला एक पक्षाघाताचा निघाला, आणि बहुतेक माणसं घरीच गेली होती. आपल्याकडे कुणी मोजलं तर काय निघेल, याची मला भीती वाटते. अण्णांचा रक्तदाब तरी कुठे कधी मोजला होता? उपास, वारी, पायी चालणं; अशा माणसाला काय होतंय, हाच भरवसा.

पुढच्या सप्ताहात मी पहाऱ्याच्या यादीखाली आणखी एक कागद चिकटवला : तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं बोबडं, तर गजर थांबला तरी चालेल, १०८ ला फोन करा आणि वेळ लिहून ठेवा. ‘गजर थांबला तरी चालेल’ यावर वाद झाला. शेवटी महाराजांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, राहू दे. आता आशाताई सप्ताहाच्या पहिल्या दिवशी वीणेकऱ्यांचा रक्तदाब मोजतात. पहिल्याच वर्षी तिघांचा वाढलेला निघाला. त्यातला एक, अण्णांची वीणा झेलणारा.

अण्णांचा उजवा हात आला नाही. बोलणं थोडं आलं. ‘विठ्ठल’ स्पष्ट येतं, माझं नाव येत नाही. ४ ते ६ चा पहारा आता माझा. ते शेजारी खुर्चीत बसतात, डाव्या हाताने माझ्या मनगटावर ठेका धरतात. ठेका चुकला की मी आधी त्यांच्या तोंडाकडे बघतो.