टाकीभर आणि थोडे अधिक

घरापासून दूर राहणाऱ्या माणसाला साठा करण्याची खोड जडते. बदलीच्या गावी संसार थाटणाऱ्या आपणां मंडळींना हे निराळे सांगायला नको. सुटीहून परतताना गोडा मसाला, मेतकूट आणि आमसुले बॅगेत भरली जातात ती वर्षाच्या हिशेबाने. “तिकडे मिळेल न मिळेल,” हे त्यामागचे सूत्र. वस्तुतः दिल्लीत आता बहुतेक सारे मिळते. आम्ही राहतो त्या द्वारकेतही मिळते. पण सूत्र जुने आहे आणि ते सहसा मोडवत नाही.

हेच सूत्र मला आमच्या जुन्या मारुती जिप्सीच्या पेट्रोलच्या टाकीतही आढळले. मनालीमार्गे लेहला जाण्याचा बेत ठरला होता. रजा मंजूर झाली होती. स्वतःच्या गाडीने केलेल्या प्रवासाला सवलतीचे पैसे मिळत नाहीत, हे आपण जाणताच. तेव्हा खर्च खिशातून व्हायचा होता. त्या वाटेवर चंद्रा आणि भागा या नद्यांच्या संगमापाशी तांडी नावाचे गाव आहे. तेथील पेट्रोलपंपावरची पाटी वर्षानुवर्षे प्रवाशांना बजावीत आली : पुढचा पंप 365 किलोमीटरवर. जिप्सीची टाकी 40 लिटरांची. चढणीच्या रस्त्यावर आमची गाडी लिटरमागे नऊ किलोमीटर जाते. हिशेब केला, तर गरज साडेचाळीस लिटरांची निघाली. अर्ध्या लिटराने आमचे लेह हुकत होते!

एका गॅरेजवाल्याने तत्काळ तोड सुचविली. मागच्या बाकाखाली पत्र्याची आणखी एक 40 लिटरांची टाकी बसवून देतो, म्हणाला. त्या बाकावर आमच्या सौ. आणि आठ वर्षांची मुलगी बसणार होती. सौ.नी एवढेच विचारले, “अहो, पेट्रोलवर बसून जायचं का आम्ही?” त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माझ्या मधल्या सुटीचे चार दिवस गेले.

मूळच्या टाकीमागे कारखान्याचा बराच विचार असतो. पेट्रोल हिंदकळू नये, वाफेला वाट मिळावी, गाडी उलटली तरी गळती होऊ नये, अशी योजना तीत केलेली असते. घाईने सांधलेल्या पत्र्याच्या पेटीत यातले काही नसते. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती गाडीच्या तळाशी साचते आणि एखाद्या ठिणगीची वाट पाहत राहते. शिवाय मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या फेरफारांना आडकाठी करते. अपघात घडला, तर विमा कंपनी प्रथम त्या टाकीकडे बोट दाखवील, हे ओघाने आलेच.

मग मी 1934 चा पेट्रोलियम कायदा काढला. कारकुनाला कायदा वाचण्यात एक गुप्त सुख असते. विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्यावाचून 30 लिटरांपर्यंत जवळ ठेवता येते. मोटारीच्या मालकाला काही अटींवर त्याहून अधिक. भांडे मात्र घट्ट बुचाचे हवे. काचेचे वा चिनी मातीचे असेल, तर एक लिटराहून मोठे नको. धातूचे असेल, तर पंचवीस लिटरांहून मोठे नको. प्लॅस्टिकच्या पाण्याच्या कॅनचे तेथे नावही नाही.

धातूचे भांडे म्हटले की जेरीकॅन आलाच. 1930 नंतरच्या दशकात जर्मन सैन्यासाठी तो घडविला गेला. जर्मनांना इंग्रज ‘जेरी’ म्हणत, त्यावरून हे नाव. इंग्रजांचे पातळ पत्र्याचे डबे आफ्रिकेच्या वाळवंटात गळू लागले, तेव्हा त्यांनी शत्रूच्या या डब्याची मुकाट्याने नक्कल केली. वीस लिटर मावतात, वर तीन मुठी, आणि त्यांच्याखाली मुद्दाम राखलेली हवेची पोकळी. पेट्रोल उन्हाने फुगते. वीस लिटर पेट्रोल तीस अंशांनी तापले, तर अर्ध्या लिटराहून अधिक जागा जास्त मागते. ती पोकळी त्याच्यासाठी असते. डबा काठोकाठ भरणाऱ्याला हा रिकामेपणा उधळपट्टी वाटतो.

हिशेब पुन्हा मांडला. एका डब्याने तूट भरून निघत होती आणि वर एकोणीस लिटर उरत होते. म्हणजे दरड कोसळून परतावे लागले, तरी सुमारे पावणेदोनशे किलोमीटरांची तरतूद होती. मग चाळीस लिटरांची दुसरी टाकी कशासाठी?

मनालीला जाताना पानिपतावरून जावे लागते. 14 जानेवारी 1761 चा संहार मराठी माणूस विसरत नाही. परंतु त्याआधी दोन महिन्यांहून अधिक काळ तेथे रसद तुटून उपासमार चालली होती आणि फौजेबरोबर बाजारबुणगे, यात्रेकरू, बायकामुले होती, हे आपण क्वचितच आठवतो. ओझे फार आणि शिधा थोडा, ही जोडी घातक. म्हणून आम्ही प्रथम सामान निम्मे केले. टाकी वाढविण्याची ही सर्वांत स्वस्त रीत होय.

डबा दिल्लीहून रिकामाच नेला. तांडीला तो गाडीतून उतरवून जमिनीवर ठेवून भरला. गाडीत ठेवून भरल्यास घर्षणाची वीज ठिणगी टाकू शकते. भरलेला डबा सुमारे वीस किलोचा. तो टपावर, उभा, पट्ट्यांनी आवळून, वर कनाती कापड घालून ठेवला. आत ठेवला असता तर वाफेचे भय. मागच्या दाराला टांगला असता तर मागून बसणाऱ्या धक्क्याचे. असे दोन-तीन डबे टपावर चढविले की जिप्सीसारखी अरुंद, उंच गाडी वळणावर कलंडू पाहते. एकाचे ओझे तिने सोसले. तरीही वळणे सावकाश घेतली.

पांगला निम्मी टाकी रिकामी झाली, तेव्हा इंजिन थंड होऊ दिले आणि मुलीला दूर उभे केले. उंचीवर हवेचा दाब उतरलेला असतो. म्हणून झाकण हळूहळू सैल केले. आतून एक लांब सुस्कारा बाहेर पडला. “बाबा, तो दमला होता का?” मुलीने विचारले. सारे पेट्रोल टाकीत गेल्यावर झाकण पुन्हा घट्ट लावले, कारण रिकाम्या डब्यातील वाफ भरल्या डब्याहून अधिक धोक्याची असते.

पुढे तगलांग ला चढताना सौ. आणि मुलगी मागच्या बाकावर एकमेकींच्या खांद्यावर डोके ठेवून निवांत झोपल्या होत्या. त्यांच्या खाली नुसता बाक होता.