पाणी कुठं जातंय?

३ एप्रिल २०२४, बुधवार. पुणे

सकाळी बॉनेट उघडलं तर रिझर्व्ह बाटलीतलं कूलंट पुन्हा खालच्या रेघेखाली गेलेलं. पाच आठवड्यांतली ही तिसरी वेळ. आज अर्धा लिटर पाणी ओतलं, तेव्हा वरची रेघ आली.

रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवला होता. तो कोरडा. होज पाइपांच्या जोडांवर बोट फिरवून पाहिलं, कुठं पांढरट डाग नाही. पाण्याच्या पंपाखाली ओल नाही. पुढच्या सीटखालचं कार्पेटही कोरडं, म्हणजे हीटरचं कॉइल फुटलेलं नसावं. ते फुटलं तर पायाशी ओल येते आणि गाडीत गोडसर वास भरतो.

पाणी तर कमी होतंय. मग ते जातंय कुठं?

८ एप्रिल, सोमवार. वाई

उद्या पाडवा, म्हणून बाबांकडे निघाले. खंबाटकी चढताना दुपारचा एक वाजला होता. पुढे ट्रकांची रांग, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडत चाललेली. तापमानाचा काटा निम्म्यावरून हलला. एसी बंद केला, हीटर पूर्ण सोडला. तेवढीच इंजिनाची उष्णता बाहेर पडते. तरी काटा चढतच राहिला. शेवटी कडेला जागा पाहून गाडी बंद केली.

मागून आलेला एकजण मदतीला थांबला आणि रेडिएटरचं टोपण उघडायला हात घालू लागला. त्याला थांबवलं. ते टोपण साधारण एक बारचा दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. तापलेल्या गाडीचं टोपण सैल केलं की दाब एकदम सुटतो आणि ते पाणी वाफ होऊन तोंडावर येतं. पाऊण तास थांबले, मग फडकं धरून टोपण काढलं. दीड लिटर पाणी लागलं.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवते. परत चढायला लागल्यावर एकदा इंजिन जोरात ओरडलं, पण गाडीनं ओढ घेतली नाही. क्षणभरच. मग गिअर धरला.

९ एप्रिल, मंगळवार. गुढीपाडवा, वाई

जेवणानंतर बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी कपाटातून गाडीची वही काढून दिली. ही गाडी त्यांनी २००८ साली घेतली. डावा गुडघा क्लच दाबू देईना, म्हणून मुद्दाम ऑटोमॅटिक घेतली होती. वहीत प्रत्येक पेट्रोलची, ऑइलची, टायरची नोंद आहे. दर दोन वर्षांनी एक ओळ: ‘कूलंट पूर्ण बदलले.’ शेवटची ओळ २०१९ची. त्या वर्षी त्यांनी गाडी चालवणं सोडलं आणि किल्ली मला दिली.

त्यानंतर कूलंट मी एकदाही बदललं नाही. कमी झालं की सोसायटीच्या बोअरचं पाणी ओतलं. बाबांना हे सांगताना फार वाईट वाटलं. ते एवढंच म्हणाले, “पाणी घालणं म्हणजे गाडी सांभाळणं नव्हे, बाळा. आधी ते कुठं जातंय ते बघ.”

वही घेऊन झोपायला आले आहे. इथून पुढची पानं माझी.

१० एप्रिल, बुधवार. पुणे

पहाटेच्या गारव्यात निघून बोगद्यातून परत आले. गाडी थेट मिस्त्रींकडे. त्यांनी रेडिएटरच्या तोंडावर हातपंप बसवून पंधरा पाउंड दाब भरला. दहा मिनिटांत काटा अकरावर आला, पण बाहेर एक थेंब नाही. म्हणजे गळती आतल्या आत.

मिस्त्री म्हणाले, “ताई, हेड गॅस्केट गेलंय. हेड उतरवावं लागेल.” शंका रास्त होती. गॅस्केट गेलं की पाणी सिलिंडरमध्ये जळतं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. पण धूर नव्हता. चारही प्लग काढून पाहिले, सगळ्यांचा रंग सारखा. कॉम्प्रेशन चौघांचं जवळपास सारखं. इंजिन ऑइल स्वच्छ, दुधाळ नाही. मग निळ्या द्रावणाची चाचणी केली. रेडिएटरमधली हवा त्यातून ओढतात. तिच्यात जळालेला वायू असेल तर निळा रंग पिवळा होतो. तो निळाच राहिला.

मी म्हटलं, “हेडला आजच्या दिवस हात लावू नका.” ते कबूल झाले. संध्याकाळी घाटातली ती नोंद पुन्हा वाचली: इंजिन ओरडलं, गाडी ओढली नाही.

११ एप्रिल, गुरुवार

सकाळी मिस्त्रींना म्हटलं, गिअर ऑइलची पट्टी काढा. ऑटोमॅटिक गिअरचं हे ऑइल लाल असतं, डाळिंबाच्या रसासारखं पारदर्शक. पट्टीवर आलं ते दुधात गुलाबाचं सरबत घातल्यासारखं गुलाबी आणि फेसाळ. आणि पातळी खुणेच्या दोन बोटं वर! गिअर ऑइल आपणहून कधी वाढत नाही. मग रिझर्व्ह बाटलीत काडी बुडवली, तर कडेला चिकट, तपकिरी साय. ऑइल इकडे आलेलं, पाणी तिकडे गेलेलं.

खात्रीसाठी मिस्त्रींनी लोखंडी पत्रा तापवून त्यावर गिअर ऑइलचा एक थेंब टाकला. मोहरीसारखा तडतडला. नुसतं ऑइल असं तडतडत नाही.

रेडिएटरच्या टाकीत एक लहानसा कूलर बसवलेला असतो. गिअरबॉक्समधलं तापलेलं ऑइल एका नळीनं त्यात येतं, भोवतीच्या कूलंटला उष्णता देतं आणि दुसऱ्या नळीनं परत जातं. मध्ये फक्त धातूचा पातळ पडदा. त्याला भोक पडलं की गाडी चालू असताना ऑइल पाण्यात घुसू शकतं. गाडी बंद केल्यावर गिअरचा पंप थांबतो, पण तापलेल्या कूलंटचा दाब टिकून असतो, तेव्हा पाणी ऑइलमध्ये घुसतं. पुठ्ठा रोज सकाळी कोरडा का दिसायचा, ते आज कळलं.

मिस्त्रींनी किल्ली काढून घेतली: “आता स्टार्टर मारायचा नाही.” रेडिएटर तिथंच उतरवला.

१३ एप्रिल, शनिवार. नाना पेठ

रेडिएटर घेऊन मी स्वतः गेले. दुकानातले चाचा चाळीस वर्षं हेच काम करतात. त्यांनी कूलरची एक नळी बुचानं बंद केली, रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवला आणि दुसऱ्या नळीतून हवा सोडली. बुडबुडे रेडिएटरच्या तोंडातून आले. “बस, कळलं,” चाचा म्हणाले. त्यांनी टाकी उघडून कूलर दाखवला. त्यावर पांढरा क्षार चढलेला आणि जोडाजवळ टाचणीचं टोक जेमतेम जाईल एवढं भोक.

“यात काय घालत होता?” त्यांनी विचारलं. मी खरं सांगितलं. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यं असतात, ती काही वर्षांत संपतात. त्यात क्षारांचं बोअरचं पाणी पडत राहिलं की धातू आतून खाल्ला जातो. चाचा रागावले नाहीत, पण तो कूलर त्यांनी माझ्या हातात ठेवला. तो मी घरी आणला आहे.

१६ एप्रिल, मंगळवार

नवा रेडिएटर बसवला. गिअरच्या नळ्या त्यातून न नेता पुढे जाळीमागे वेगळा कूलर बसवून तिकडे जोडल्या. आता पाणी आणि ऑइल यांची गाठच पडणार नाही. कूलंटचा मार्ग तेलकटपणा जाईपर्यंत धुतला. तेलानं फुगलेले होज बदलले.

गिअरबॉक्सचं काम किचकट. खालचं बूच काढलं की ऑइल निम्मंही निघत नाही, उरलेलं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. म्हणून नवं भरायचं, थोडं फिरवायचं, पुन्हा काढायचं. तीन वेळा केलं. तिसऱ्या वेळी लाल उतरलं. मिस्त्री म्हणाले, “हमी देत नाही, ताई. प्लेटांनी किती पाणी प्यायलंय ते आत गेल्याशिवाय कळत नाही.”

२२ एप्रिल, सोमवार

दोनशे किलोमीटर झाले. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना गाडी पुन्हा सुटते. गिअरबॉक्स उतरवला. आतल्या क्लच प्लेटांवर कागदासारखं अस्तर चिकटवलेलं असतं. पाणी आणि कूलंटमधलं ग्लायकॉल त्याचा चिकटपणा घालवतात. तीन प्लेटांचं अस्तर नखानं निघत होतं. पूर्ण ओव्हरहॉल करावा लागला. खर्च नव्या रेडिएटरच्या नऊ पट झाला.

फेब्रुवारीत पहिल्यांदा बाटली रिकामी दिसली, तेव्हाच गिअर ऑइलची पट्टी काढून पाहिली असती तर कदाचित प्लेटा वाचल्या असत्या. पाच आठवडे मी गिअरबॉक्सला पाणी पाजत होते.

१२ मे, रविवार. वाई

आज बाबांना शेजारी बसवून खंबाटकी चढले. उन्हाची वेळ, एसी चालू. काटा निम्म्यावर स्थिर. वर आल्यावर बाबांनी विचारलं, “पाणी किती घातलंस?” मी वही त्यांच्या हातात दिली. शेवटच्या ओळी अशा आहेत:

१६ एप्रिल: कूलंट पूर्ण बदलले, निम्मे डिस्टिल्ड वॉटर. पुढचा बदल एप्रिल २०२६.
१२ मे: ओव्हरहॉलनंतर ६४० किमी. कूलंट वरच्या रेघेवर. गिअर ऑइल लाल. भर: शून्य.

ज्यांच्याकडे जुनी ऑटोमॅटिक गाडी आहे त्यांना कळकळीनं सांगते: कूलंट कमी झालं की घाला, पण त्याच दिवशी गिअर ऑइलचा रंगही पाहा. पट्टी नसेल तर मिस्त्रींकडून बूच उघडून पाहून घ्या. ऑइल गुलाबी दिसलं तर गाडी तिथंच बंद करा, घरापर्यंतसुद्धा चालवू नका.